बिऱ्हाड आणि घर

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्या भाषेत बहुधा कीव करण्याकरिता वापरली जाते. ज्याची बदलीची नोकरी आहे, ज्यास दर तीन वर्षांनी भांडीकुंडी बांधून नव्या गावी जावे लागते, किंवा ज्यास स्वतःचे असे छप्परच नाही, अशा मनुष्याविषयी बोलताना ती सहज ओठांवर येते. स्थिरपणा हे सुख व अस्थिरपणा हे दुःख, हा सिद्धांत तीत गृहीत धरलेला आहे. परंतु हेच बिऱ्हाड कोणी आपखुशीने पाठीवर घेतले तर? राहते, चांगले, ऐसपैस घर विकून, मुलाबाळांसह एका मोटारीत संसार मांडून, ‘आता आपले खरे घर कोठे आहे ते शोधावयाचे’ असा निश्चय करून एखादे कुटुंब निघाले, तर त्यास काय म्हणावे? शहाणे म्हणावे, छांदिष्ट म्हणावे, की ज्या वस्तूचा शोध चालविला आहे ती शोधाने मिळणारी आहे किंवा कसे, याचा विचारच त्यांनी केलेला नाही, असे म्हणावे?

हा प्रश्न केवळ तर्काचा खेळ नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज अशी कितीतरी कुटुंबे रस्त्यावर आहेत. त्यांच्या फिरत्या घरास तेथे ‘आर. व्ही.’ या दोन अक्षरांनी ओळखतात. काही गाड्या स्वतःच्या यंत्राने चालतात, काही दुसऱ्या मोटारीमागे जोडून ओढाव्या लागतात. आत शेगडी, शीतकपाट, दिवसा बाक व रात्री बिछाना होणारी आसने, आणि एक मनुष्य कसाबसा उभा राहील एवढी न्हाणी असते. पोटाखाली तीन टाक्या असतात : एक स्वच्छ पाण्याची, दुसरी आंघोळ व भांडी यांच्या सांडपाण्याची, आणि तिसरी शौचकूपाची. ही तिसरी टाकी दर काही दिवसांनी नेमलेल्या जागी नेऊन स्वहस्ते रिकामी करावी लागते. आणि या स्वच्छंद जीवनक्रमाविषयी कोणी फार काव्यमय बोलू लागला, तर त्यास या टाकीचे स्मरण करून द्यावे, म्हणजे संभाषण पुन्हा जमिनीवर येते. वॉली बायम याने १९३०च्या दशकात ‘एअरस्ट्रीम’ नावाची चकचकीत ॲल्युमिनियमची गाडी प्रसिद्धीस आणली. आयोवा संस्थानातील फॉरेस्ट सिटी या गावी १९५८ साली सुरू झालेल्या कारखान्याच्या ‘विनेबागो’ गाड्या पुढे घरोघर माहीत झाल्या. २०२० साली महासाथीने शाळा आणि कचेऱ्या घरात आणल्या, तेव्हा ‘कचेरी घरात येऊ शकते, तर घर कोठेही का असू नये?’ हा विचार अनेकांस सुचला. २०२१ या एकाच वर्षी तेथील कारखान्यांतून अशी सुमारे ६ लाख वाहने बाहेर पडली. त्यांतील बहुतेक सुटीच्या सहलीसाठीच घेतलेली असणार. परंतु काहींमध्ये खरोखरीचे संसार आहेत, आणि त्या संसारांपैकी काहींचा उद्देश फिरणे हा नसून फिरणे संपविणे हा आहे. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा तो याच शेवटच्या वर्गाचा.

असे एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणू. शाळकरी वयाची दोन मुले असलेले दांपत्य. मोठ्या शहराच्या उपनगरातील घर त्यांनी विकले आहे. वर्षा-दीड वर्षात देशातील पंधरावीस गावे पाहावयाची, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन आठवडे मुक्काम करावयाचा, हवापाणी, शाळा, कर, घरांच्या किमती, इस्पितळ, वाचनालय, या सर्वांचे गुण वहीत मांडावयाचे, आणि ज्या गावास सर्वांत अधिक गुण पडतील तेथे घर घ्यावयाचे, असा त्यांचा बेत आहे. या बेतात गैर असे काय आहे?

प्रथम त्यांचा पक्ष मांडू; कारण तो दिसतो तितका दुबळा नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी आपले गाव निवडलेले नसते. आजोबांस जेथे वतन मिळाले, वडिलांस जेथे नोकरी लागली, तेथे आपण राहतो, आणि मागाहून आपल्या सवयीस निष्ठा असे भारदस्त नाव देतो. योगायोग हा काही सद्गुण नव्हे. आपण व्यवसाय निवडतो, जोडीदार निवडतो, प्रतिनिधी निवडतो; मग ज्या भूमीवर आयुष्य घालवावयाचे ती तेवढी जन्माच्या सोडतीवर का सोपवावी? शिवाय, जन्मभूमीचे गोडवे गाणारे बहुधा तेथे सुखाने नांदलेले असतात. ज्यास गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यास गाव सोडणे हीच मुक्ती असते. १९४८ च्या नोव्हेंबरात घटनासमितीपुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या स्तुतीचा जो कठोर समाचार घेतला, त्यामागे हाच अनुभव होता. अमेरिकेतही १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय नागरिक दक्षिणेकडील संस्थाने सोडून उत्तरेस व पश्चिमेस गेले. त्यांनी आपल्या बापजाद्यांच्या भूमीशी इमान राखावयास हवे होते, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? तेव्हा घर शोधण्याचा अधिकार हा मनुष्याच्या स्वातंत्र्याचाच एक भाग आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे.

परंतु अधिकार आहे एवढ्याने साधन योग्य ठरत नाही. शोधून जे सापडावयाचे ते पाहण्याने कळणारे असले पाहिजे. दुर्मीळ पुस्तक सापडते, कारण त्याचे नाव आपणांस आधी ठाऊक असते. घराविषयी असे म्हणता येईल काय?

आपल्या भाषेत विवाहाच्या संदर्भात ‘स्थळ पाहणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. मनुष्य पाहावयास जाणे यास स्थळ पाहणे का म्हणतात, हे भाषापंडितांनी सांगावे. आमचे मोटारघरातील कुटुंब मात्र या शब्दप्रयोगाचा अक्षरशः अवलंब करीत आहे. ते गावोगाव स्थळे पाहत चालले आहे. आणि स्थळ पाहण्यातील जी सुप्रसिद्ध अडचण, ती त्यांच्याही वाट्यास येते. चहापोह्यांच्या प्रसंगी रूप, शिक्षण, मिळकत, कुलशील हे सर्व कळते; परंतु दहा वर्षांनी संसारात ज्यावर सुखदुःख अवलंबून राहावयाचे, ते त्या दिवशी कळत नाही. ते लपविलेले असते असे नाही. ते अजून अस्तित्वातच आलेले नसते. दोन माणसांच्या एकत्र राहण्यातून ते पुढे घडावयाचे असते. गावाचेही तसेच आहे. हवा मोजता येते, कर मोजता येतात. पण आपण आजारी पडलो असता शेजारीण पेज घेऊन येईल की नाही, हे शेजारणीच्या स्वभावाइतकेच, तिच्या आजारपणात आपण काय केले यावर अवलंबून असते. दोन आठवड्यांच्या पाहुण्यास त्याचे गुण वहीत कसे मांडता येणार?

येथे एका जुन्या कुटुंबाचा वृत्तांत उपयोगी पडेल. लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेची बालपणावरील पुस्तके १९३२ पासून प्रसिद्ध झाली व जगभर वाचली गेली. तिचे वडील चार्ल्स इंगल्स हे घराच्या शोधात निघालेल्या पुरुषाचे नमुनेदार उदाहरण होते. कापडी छताची घोड्यांची गाडी हेच त्या काळचे फिरते घर. विस्कॉन्सिनच्या जंगलातून हे कुटुंब १८६९ मध्ये कॅन्ससच्या माळरानावर गेले. १८७१ मध्ये विस्कॉन्सिनला परत आले. १८७४ मध्ये मिनेसोटातील वॉलनट ग्रोव्ह येथे गेले. तेथे टोळांनी पिके खाल्ली. १८७६ मध्ये आयोवातील बर ओक येथे जात असता वाटेत नऊ महिन्यांचा मुलगा दगावला. नंतर पुन्हा वॉलनट ग्रोव्ह. तेथे १८७९ मध्ये थोरली मुलगी मेरी आजाराने अंध झाली. आणि त्याच वर्षी कुटुंब डाकोटा प्रदेशात, जेथे पुढे डी स्मेट हे गाव वसले, तेथे पोहोचले. वडिलांचे मन त्याहीपुढे पश्चिमेस धावत होते. लॉराच्या पुस्तकांतून दिसते ते असे, की तेथे आईने पाय रोवला : मुलींच्या शिक्षणाकरिता आता एके ठिकाणी राहावयाचे, पुढे जावयाचे नाही. १९०२ साली चार्ल्स इंगल्स यांचा अंत झाला, तो डी स्मेट येथेच.

डी स्मेट हे पूर्वीच्या सर्व ठिकाणांहून उत्तम होते काय? मुळीच नव्हे. तेथील थंडी प्राणघातक होती व तेथील शेतीने पुष्कळांस बुडविले. गुणांच्या वहीत ते गाव बहुधा शेवटून पहिले आले असते. तरीही ते घर झाले, कारण एका बाईने तेथे शोध थांबविला. थांबण्याचा हा निर्णय शोधातून आपोआप निघत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शोधाच्या तर्कशास्त्रात ‘पुढचे गाव याहून बरे असेल’ हे वाक्य नेहमीच शक्यतेच्या कोटीत राहते. त्याचे खंडन कोणत्याही पुराव्याने करता येत नाही. ते वाक्य बोलावयाचे सोडून देणे एवढाच त्यावर उपाय.

लॉराच्या स्वतःच्या संसारात याचीच पुढली पायरी दिसते. दुष्काळ, कर्ज व आजार यांनी गांजलेले ती, तिचा पती अल्मान्झो व सात वर्षांची मुलगी रोझ, असे तिघे १८९४ च्या जुलैत डी स्मेटहून गाडीने निघाले व सहा आठवड्यांनी मिसूरीतील मॅन्सफील्ड येथे पोहोचले. जवळ शंभर डॉलरची एक नोट होती. ती लिहिण्याच्या पेटीत लपविलेली होती, आणि नेमकी जमीन घ्यावयाच्या वेळी सापडेना. काही दिवस त्यांचे सारे भवितव्य एका फटीत अडकून पडले. नोट सापडली. जी जमीन मिळाली ती खडकाळ. लावणीवाचून पडलेली सफरचंदाची रोपे तेवढी तिच्याबरोबर मिळाली. त्या रोपांस फळे धरण्यास वर्षे लागली. घर तर एक-एक खोली करीत वाढत गेले व १९१३ च्या सुमारास पुरे झाले. अल्मान्झो १९४९ मध्ये व लॉरा १९५७ मध्ये मॅन्सफील्डलाच निवर्तली. त्यांचा शोध सहा आठवड्यांचा. घर होण्यास लागला तो काळ जवळजवळ दोन दशकांचा. सहा आठवड्यांत त्यांस सापडली ती जमीन. घर त्यांस पुढे करावे लागले.

ही गोष्ट त्या देशाच्या कायद्यासही एके काळी ठाऊक होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने इच्छुकास १६० एकर जमीन देऊ केली, पण ती पाहून पसंत करणाऱ्यास नव्हे. तेथे पाच वर्षे राहून, घर उभारून, जमीन कसून दाखविणाऱ्यास मालकीचा कागद मिळत असे. वसतिस्थानासंबंधीच्या कायद्यातही असाच विवेक आहे. मनुष्याचे कायमचे ठिकाण कोणते हे ठरविताना इंग्रजी परंपरेतील न्यायालये दोन गोष्टी पाहतात : तेथे त्याचे प्रत्यक्ष वास्तव्य आहे काय, व तेथेच राहण्याचा त्याचा हेतू आहे काय. भिंतींची उंची वा अंगणाची लांबी त्यात येत नाही. जेथे देह आहे आणि राहण्याचा संकल्पही आहे, तेथे घर. ही व्याख्या कोरडी वाटली तरी पुष्कळ काव्यापेक्षा सत्यास अधिक जवळ आहे.

मग ज्यांचा देह आज येथे, उद्या तेथे, आणि संकल्प कोठेच नाही, त्यांचे काय? व्यवहाराने त्यांचीही सोय लावून दिली आहे. सरकारी मोकळ्या जमिनींवर बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस फुकट मुक्काम करता येतो. मग गाडी हलवावी लागते. वाहन चालविण्याच्या परवान्याकरिता व करांकरिता काही तरी पत्ता लागतो. तो साउथ डाकोटासारखे संस्थान देते. तेथे एका रात्रीच्या मुक्कामाची पावती व टपाल पुढे पाठविणाऱ्या पेढीचा पत्ता एवढ्यावर परवाना मिळू शकतो. अर्थात एका रात्रीचा रहिवासी त्या संस्थानाच्या निवडणुकीत मत देऊ शकावा काय, हा वाद पुढे उभा राहिलाच, आणि २०२३ साली तेथील विधिमंडळाने मतदारांकरिता ३० दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. या वादात दोन्ही बाजूंस काही तथ्य आहे. फिरता मनुष्य नागरिकच आहे, त्याचे मत हिरावून घेणे अन्याय. पण ज्या शाळेचा कर, ज्या पुलाची दुरुस्ती, ज्या नदीचे प्रदूषण याविषयी ते मत द्यावयाचे, त्यांचे सुखदुःख जो कधीच भोगणार नाही, त्याच्या मताचे वजन किती धरावे? प्रश्न मतपेटीचा असला तरी मुळाशी घराचाच आहे. ज्या ठिकाणच्या चुकांचे फळ आपणांस चाखावे लागते, ते ठिकाण आपले.

येथे फिरस्त्यांवर अन्याय होऊ नये म्हणून एक भेद केला पाहिजे. फिरणे आणि बेजबाबदार असणे या एकच गोष्टी नाहीत. आपल्याच प्रांतात मेंढपाळ धनगर वर्षातील बराच काळ कुटुंब, कोंबड्या व घोडी यांसह कळपामागे हिंडतात. पाऊसपाणी व चारा यांच्या मानाने देशावरून कोकणात आणि कोकणातून देशावर त्यांची ये-जा चालते. त्यांच्या मुक्कामास ते ‘वाडा’ म्हणतात, हे ऐकून पुण्याच्या दगडी वाड्यांचा अभिमान बाळगणाऱ्याने क्षणभर थांबावे. हे लोक शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवितात. त्याच्या जमिनीस खत मिळते व धनगरास धान्य वा पैसा मिळतो. पुढील वर्षी त्याच वाटेने ते पुन्हा येतात, आणि शेतकरी त्यांची वाट पाहत असतो. त्यांचे घर म्हणजे एक लांबलचक, दोनशे कोसांचे का होईना, पण ओळखीचे अंगण आहे. अमेरिकेतील फिरत्या लोकांमध्येही, ॲरिझोनातील क्वार्ट्‌झसाइटसारख्या ठिकाणी दर हिवाळ्यात तेच ते लोक एकत्र जमतात, एकमेकांच्या गाड्या दुरुस्त करतात, आजाऱ्याची विचारपूस करतात. तेव्हा निर्णायक गोष्ट चाकांची नाही; आपली वाट पाहणारे कोणी आहे काय, आणि आपण न गेल्यास कोणाचे काही अडेल काय, ही आहे.

आणखी एक भेद याहून कठोर आहे. आवडीने फिरणारा व नाइलाजाने फिरणारा एकाच कॅम्पग्राउंडवर शेजारी-शेजारी उतरतात. दुरून दोघांच्या गाड्या सारख्याच दिसतात. २००८ च्या आर्थिक कोसळीनंतर घरे गमावलेले व वृद्धपणी ऋतूप्रमाणे मजुरी शोधीत हिंडणारे अमेरिकन लोक जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ सालच्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकाने जगापुढे आणले. क्लोई जाव यांच्या त्यावरील चित्रपटास २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. गाडी दोघांची सारखी, पण एकाजवळ परतीचा दरवाजा आहे, दुसऱ्याचा बंद झालेला आहे. मोकळा रस्तादेखील सर्वांस सारखा मोकळा नव्हता. १९३६ पासून सुमारे तीस वर्षे, कृष्णवर्णीय प्रवाशांस कोठे जेवण व बिछाना मिळेल हे सांगणारे ‘ग्रीन बुक’ छापावे लागत होते. आणि ‘विनेबागो’ हे नाव तरी कोठून आले? कारखाना ज्या परगण्यात आहे त्याचे ते नाव; आणि परगण्यास ते मिळाले स्वतःस हो-चंक म्हणविणाऱ्या मूळ रहिवाशांवरून. या लोकांस सरकारने विस्कॉन्सिनमधून उचलून आयोवात, तेथून १८४८ मध्ये मिनेसोटात, १८६३ मध्ये डाकोटात नेऊन टाकले. शेवटी नेब्रास्कात त्यांस थोडी जमीन मिळाली, आणि कित्येक जण पुनःपुन्हा पायी विस्कॉन्सिनला परत आले. ज्यांस घरीच राहावयाचे होते पण राहू दिले गेले नाही, त्यांचे नाव आज हौसेने घर सोडणाऱ्यांच्या गाडीवर आहे. इंगल्स कुटुंबाने कॅन्ससमध्ये झोपडी बांधली ती जमीनही ओसेज लोकांसाठी राखलेली होती. घर शोधणाऱ्यास जी जागा रिकामी दिसते, ती पुष्कळदा रिकामी केलेली असते. आजही दूरच्या शहरातील घर विकून गाठीस पैसा बांधून आलेले कुटुंब निसर्गरम्य लहान गावी घर घेते, तेव्हा किमती चढतात व तेथील शाळाशिक्षकास वा सुतारास स्वतःच्या गावात भाड्यानेही जागा परवडत नाही. वहीत गुण मांडताना ‘आपल्या येण्याने येथून कोण जाईल?’ असा एक रकाना असावयास हवा.

आता मुलांचा प्रश्न. आणि आमच्या मते तोच सर्वांत नाजूक. संन्याशाने घर सोडले तर तो एकटा सोडतो. म्हणूनच आपल्या शास्त्रकारांनी मोकळेपणाने भ्रमण करण्याचा आश्रम गृहस्थाश्रमानंतर ठेवला. मोटारघरातील कुटुंब परिव्राजकाची वाट गृहस्थाश्रमासकट चालू पाहते, आणि त्यात मुलांची संमती कोणी घेतलेली नसते. घेतली तरी आठ वर्षांच्या मुलाच्या संमतीस अर्थ किती? आईबाप भविष्यातील घर शोधीत असतात, परंतु मुलाचे बालपण भविष्यात नसते. ते आज, याच गाडीत, याच खिडकीशी चाललेले असते. त्याने मैत्री केली की गाडी हलते. प्रौढ मनुष्य म्हणतो, ‘हे तात्पुरते आहे’. मुलास तात्पुरते म्हणजे काय हे समजत नाही, त्याच्या आयुष्याचा तो पाचवा हिस्सा असतो.

याच्या उलटही बोलता येईल, व ते बोलले पाहिजे. त्या चिमुकल्या जागेत बाप मुलांस दिवसभर दिसतो. मोठ्या घरात तो रात्री नऊ वाजता दिसत असे. डोंगर, नद्या, वाळवंटे पुस्तकाबाहेर भेटतात. पाणी मोजून वापरावे लागते हे शिकवावे लागत नाही. एकाच सदनिकेत पंधरा वर्षे राहूनही शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसलेल्या आपल्या शहरी मुलांपेक्षा ही मुले अधिक बेघर आहेत, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? भिंती स्थिर असल्याने घर स्थिर होतेच असे नाही. तेव्हा मुलांच्या दृष्टीने प्रवास हा दोष नाही. त्याचा अंत कळविलेला नसणे हा दोष आहे. ‘पुढच्या जूनमध्ये आपण थांबणार’ हे वाक्य मुलास आधार देते. ‘योग्य गाव सापडले की थांबू’ हे वाक्य त्याच्या पायाखालची जमीन काढून घेते. कॅरोलाइन इंगल्स हिने नवऱ्यास पुढे जाऊ दिले नाही, तेव्हा तिने स्वातंत्र्याचा संकोच केला, असे एका दृष्टीने म्हणता येईल. पण त्या संकोचातून मुलींस शाळा मिळाली.

सिमोन व्हेल या फ्रेंच विदुषीने १९४३ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, निर्वासित स्थितीत लंडनला राहून जो ग्रंथ लिहिला व जो १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तिने मुळे धरणे ही मानवी आत्म्याची अत्यंत महत्त्वाची गरज मानली. आणि ती मुळे समाजाच्या जीवनात प्रत्यक्ष भाग घेण्याने धरतात असे प्रतिपादिले. मुळांची उपमा आम्हांस एका कारणाने पटते व एका कारणाने पटत नाही. पटते ती अशी, की मूळ घेणारे आहे तसे धरून ठेवणारेही आहे. ते पाणी शोषते, पण मातीही वाहून जाऊ देत नाही. पटत नाही ती अशी, की झाड जागा बदलीत नाही, मनुष्य बदलतो. ज्वारीचे मूळ तोडले तर ताट वाळते; भाताचे रोप मात्र एका वाफ्यातून उपटून दुसऱ्यात लावल्यावाचून चांगले येत नाही. मनुष्यजात बहुधा भातासारखी आहे. परंतु भाताचीही लावणी एकदाच होते. दर पंधरवड्यास उपटून पाहिलेले रोप कोणत्याच खाचरात जगत नाही.

तेव्हा निर्णय सांगावयाचा तर असा : त्या कुटुंबास आम्ही दोष देणार नाही. जेथे आहोत तेथे मन रमत नाही हे ओळखणे, व त्याकरिता सोय सोडून निघणे, यास धैर्य लागते. परंतु त्यांच्या वहीविषयी आमची शंका कायम आहे. गावांचे गुण मांडून त्यांस न राहण्याजोगी गावे खुशाल गाळता येतील. राहण्याचे गाव त्यातून निघणार नाही. उरलेल्या चार-पाच गावांपैकी कोणतेही एक धरावे, मुदत ठरवून धरावे, आणि मग वही मिटून ठेवावी. त्यानंतर विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत : येथल्या वाचनालयात स्वयंसेवक हवा आहे काय? पूर आला तर वाळूच्या पिशव्या भरावयास कोण जाते? शेजारच्या म्हाताऱ्याच्या दारातील बर्फ कोण काढते?

यात आमच्यासारख्यांसही, म्हणजे ज्यांस आपण स्थिर आहो असे वाटते त्यांसही, काही घेण्याजोगे आहे. आमच्यापैकी कित्येकांच्या आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे व त्याआधी ज्या गावाचे नाव आहे ते गाव तीन पिढ्यांत कोणी पाहिलेले नाही. आम्ही मुंबईस आलो, पुण्यास आलो; आमची मुले कॅलिफोर्नियास व न्यू जर्सीस गेली. आम्हीही कधी तरी पाठीवर बिऱ्हाड घेऊनच आलो, आणि कोणी तरी जागा दिली म्हणून राहिलो. घर होण्यास येणाऱ्याचा संकल्प लागतो हे खरे. पण तेवढ्याने भागत नाही. आधीपासून असलेल्यांनी त्यास सामावूनही घेतले पाहिजे. वीस वर्षे शेजारी राहिलेल्यास ‘आपण मूळचे कोठले?’ असे विचारणारे गाव, भाडेकरू ठेवताना आडनाव, धर्म व आहार यांची चौकशी करणारी सोसायटी, नव्या माणसास वर्गणी मागणारी पण सभेस न बोलावणारी आळी, यांनी आपण मुळे धरून बसलो आहो असा अभिमान बाळगू नये. रस्त्यावरील त्या कुटुंबाने कोठे तरी थांबावे असा उपदेश करणे सोपे आहे. ते थांबले असता दार उघडणे हे आपल्याकडचे काम आहे, आणि त्या कामात आपण किती गुण मिळवू, हे आपल्या दारावरून परत गेलेल्या भाडेकरूंना विचारले पाहिजे.